पाणी थोडे, चेहरे अनेक

मेकअपच्या ब्रशचे डोळ्यांना दिसणारे भाग तीन : पुढे केसांचा झुबका, मध्ये तो आवळून धरणारी धातूची नळी आणि मागे दांडा. चौथा भाग दिसत नाही. नळीच्या आत केसांची बुडे चिकटद्रव्यात रुतवलेली असतात आणि ब्रश किती वर्षे टिकणार हे त्या चिकटद्रव्यावर ठरते. केस मळतात, म्हणून ते धुवावेच लागतात. पण धुताना पाणी पुन्हा पुन्हा नळीत शिरले की चिकटद्रव्य सैल होते आणि केस गळू लागतात. लाकडी दांडा पाणी पिऊन फुगतो, त्यावरचा रंग तडकतो, वाळल्यावर लाकूड आकसते आणि नळी डुगडुगू लागते. केस पूर्ण स्वच्छ आणि नळी शक्य तितकी कोरडी, एवढीच ब्रशच्या निगेची मागणी. ती रोजच्या कामाच्या धबडग्यात पुरी करणे मात्र सोपे नाही.

छत्रपती संभाजीनगरात त्यात पाण्याच्या अडचणीची भर पडते. शहराला पाणी येते ते पैठणच्या नाथसागरातून, आणि बऱ्याच भागांत नळाला ते काही दिवसांच्या अंतराने येते. मधले दिवस टाकीतल्या साठ्यावर, बोअरवर नाही तर टँकरवर काढायचे. घरोघरी पाण्याचा दिवस ठरलेला असतो. धुणी, फरशी, भांडीकुंडी सगळे त्या दिवशी. घरातल्या पुढच्या खोलीत पार्लर चालवणाऱ्या बाईचे ब्रशही मग त्या दिवसाची वाट पाहत पडून राहतात. चूक इथेच होते. ब्रश धुवायला पाणी फार लागत नाही, रीत लागते. आणि पाण्याच्या दिवसापर्यंत थांबण्याइतकी सवड ब्रशला नसते, कारण तोवर तो आणखी कितीतरी चेहऱ्यांवरून फिरलेला असतो.

नवरीच्या खोलीत

तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात आणि बीड बायपासवरची लॉन्स व मंगल कार्यालये उजळतात. कार्यालयाच्या नवरीच्या खोलीत आरसा एक, प्लग एक आणि तयार व्हायचे असते दहाजणींना. मेकअपची पेटी पलंगावर उघडलेली असते. आधी नवरी, मग करवल्या, मग आत्या, मावशी, काकू. विहीणबाईंनाही ऐन वेळी ‘जरा हात फिरवून द्या’ असे वाटतेच. ठरलेले पैसे नवरीचे आणि साइडर, म्हणजे करवलीच्या, मेकअपचे. उरलेले चेहरे आपुलकीच्या खात्यात. नवरीसाठी काढलेला स्वच्छ ब्रश या आपुलकीत सगळ्या चेहऱ्यांवरून फिरतो आणि गौरीहरापूर्वी शेवटचा हात मारायला पुन्हा नवरीकडे येतो.

या फेरीत ब्रशवर बरेच काही साठते. फाउंडेशनमधले तेल, मेण आणि सिलिकोन, त्वचेचा तेलकटपणा, घाम आणि मृत पेशी, पावडरीचे कण, आणि या सगळ्यावर पोसणारे सूक्ष्मजीव. ओलसर, तेलकट आणि अंधाऱ्या जागी ते वाढतात, आणि दाट झुबक्याचे बूड नेमके तसेच असते. पुटकुळ्या आणि केसांच्या मुळांची सूज हा त्यातला नेहमीचा त्रास. डोळे येण्याची साथ असताना आयलायनरचा एकच ब्रश दोघींना वापरला, तर साथ पेटीतूनच पुढे जाते. ओठांवर ‘जर’ (पाणीदार पुळ्या) उठलेली असेल, तर तिचा विषाणू लिपस्टिकच्या ब्रशला लागतो. ‘जर’ स्वतः दिसण्याआधीच्या चुणचुणीतही तो पसरू शकतो, म्हणून ‘तिच्या ओठांवर काही दिसले नाही’ ही सबब पुरेशी नाही.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम येथील अ‍ॅस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी वापरात असलेली मस्कारा, लिपस्टिक, आयलायनर, लिपग्लॉस आणि फाउंडेशनचे स्पंज तपासले. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर दहापैकी सुमारे नऊ वस्तूंवर जिवाणू सापडले आणि सर्वांत वाईट अवस्था स्पंजांची निघाली. त्यातले 93 टक्के एकदाही धुतलेले नव्हते. 64 टक्के कधी ना कधी जमिनीवर पडले होते आणि तसेच वापरात राहिले होते. हे स्वतःच्या एकट्या चेहऱ्यासाठी ठेवलेल्या वस्तूंबद्दल आहे. दहा चेहऱ्यांच्या ब्रशची गोष्ट त्याहून गंभीर.

आपल्याकडे हा धडा जुना आहे. घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांत एकाच डबीतले काजळ एकाच बोटाने घालण्याची पद्धत होती आणि खुपऱ्या (ट्रॅकोमा) पसरण्याच्या कारणांत तिचा उल्लेख होत आला. खुपऱ्या हा भारतात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरलेला नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2024 च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केले. रोगाचा जोर हटला, पण एका डबीत सगळ्यांची बोटे घालायची सवय जेल काजळाच्या बाटलीत आणि एकाच ब्रशात नव्या रूपाने शिल्लक आहे.

केस कशाचे, यावर रीत ठरते

गुलमंडी, औरंगपुरा किंवा निराला बाजारच्या दुकानांत मिळणारे बहुतेक ब्रश आज कृत्रिम तंतूंचे असतात, नायलॉनचे किंवा तशाच दुसऱ्या प्लास्टिकचे. हा तंतू गुळगुळीत असतो; तो क्रीम आणि लिक्विड शोषून घेत नाही, धुतल्यावर लवकर वाळतो. बकरी, खार किंवा घोड्याच्या केसांच्या ब्रशचे वागणे वेगळे. प्राण्याच्या केसावर माणसाच्या केसासारखेच बारीक खवले असतात. त्यांत पावडर धरून राहते आणि गालावर हलकी, एकसारखी उतरते. पण हा केस प्रथिनांचा आहे. कडक साबण, गरम पाणी आणि रोजचे स्पिरिट त्याला कोरडे व ठिसूळ करते. फाउंडेशनला कृत्रिम आणि पावडरीला नैसर्गिक, ही जुनी वाटणी यातून आली. आता चांगले कृत्रिम ब्रश पावडरीलाही चालतात, आणि दिवसाला अनेक चेहरे करणाऱ्या व्यक्तीने तेच घ्यावेत. ते पुन्हा पुन्हा धुणे सोसतात.

नैसर्गिक केसांचा ब्रश घेताना केस कशाचे हे विचारायलाच हवे. उत्तर प्रदेशातल्या बिजनौर जिल्ह्यातले शेरकोट हे गाव ब्रश बनवण्यासाठी देशभर ओळखले जाते. याच धंद्यात भारतात रंगकामाचे बारीक ब्रश बनवायला मुंगसाचे केस वापरले जात आणि त्यासाठी मुंगसांची बेसुमार शिकार झाली. वन्यजीव संरक्षण कायद्याने हा व्यापार गुन्हा ठरला आहे. दुकानदाराला केसांचे नाव सांगता येत नसेल, तर तो ब्रश न घेतलेला बरा.

जपानच्या हिरोशिमा प्रांतातले कुमानो हे याच धंद्यावर जगणारे दुसरे गाव. 2011 मध्ये महिला फुटबॉलचा विश्वचषक जिंकणाऱ्या जपानी संघाला सरकारने राष्ट्रीय सन्मानासोबत भेट दिली ती कुमानोच्या मेकअप ब्रशांची. तिथले कारागीर केसांची नैसर्गिक टोके शाबूत ठेवून झुबका जुळवतात. कात्रीने कापून आकार देत नाहीत. गालाला मऊ लागते ते हे न कापलेले, निमुळते टोक. म्हणूनच पिंजारलेला ब्रश कात्रीने ‘सारखा’ करू नये. कापलेले टोक बोथट होते, त्वचेला टोचते आणि पुन्हा कधीच निमुळते होत नाही.

धुण्याची रीत

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. नळाच्या तोट्यांवर आणि बादलीच्या काठावर पांढरा थर चढतो तो त्यांचाच. अंगाच्या साबणाची वडी अशा पाण्यात नीट फेसाळत नाही. तिचा आणि क्षारांचा मिळून एक चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. ब्रश धुतला तरी राठ लागतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच. शाम्पूतले घटक जड पाण्यातही असा साका करत नाहीत. म्हणून या शहरात ब्रशला साबणाची वडी लावू नये. लहान मुलांचा सौम्य शाम्पू वापरावा. वडी टाळायला आणखी एक कारण आहे, हळद. साबणाच्या अल्कधर्मी फेसात हळद लाल होते, हे हळदीचे कपडे धुतलेल्या कोणालाही माहीत आहे. आदल्या दिवशी हळद लागलेल्या नवरीच्या चेहऱ्यावरून फिरलेला पांढरा ब्रश वडीवर घासला, की त्यावर तांबूस डाग उमटतात. तिथे आधी थेंबभर तेल, मग शाम्पू.

एका फाउंडेशन ब्रशला एक वाटी कोमट पाणी, तळहातावर शाम्पूचे दोन थेंब आणि खळबळण्यासाठी तांब्याभर पाणी पुरते. फाउंडेशन तेलकट असेल, तर कोरड्याच ब्रशाची टोके आधी खोबरेल तेलात जरा बुडवून तळहातावर फिरवावीत. मेण आणि तेल तेलातच सुटते. थेट पाणी लावले तर ते केसांना आणखी चिकटून बसते. मग ब्रशचे तोंड खाली धरून फक्त केस वाटीत भिजवावेत. ब्रश वाटीत उभा करून ठेवू नये. तेवढ्यात नळी पाणी पिते. ओल्या केसांनी तळहातावर हलक्या हाताने गोल गोल फिरवत जावे. पहिला फेस गव्हाळ, मग चहाच्या रंगाचा येतो. बोटांच्या चिमटीत झुबका धरून नळीपासून टोकाकडे निथळावा, उलट कधीही नाही. पुन्हा शाम्पू, पुन्हा फेस. फेस पांढरा आला, की तांब्याची बारीक धार नळीच्या बाजूने टोकाकडे सोडावी. शेवटचे वाटीभर पाणी पिण्याच्या जारमधले घेतले, तर क्षार मागे राहत नाहीत आणि केस मऊ वाळतात.

ब्रश स्वच्छ झाला का, हे डोळ्यांनी नव्हे तर पांढऱ्या कागदाने ठरवावे. ओला झुबका टिश्यूवर दाबला आणि मधोमध रंगाचा ठिपका उमटला, तर बूड अजून मळलेले आहे. नाकाचीही साक्ष घ्यावी. कुबट किंवा खवट वास येत असेल, तर तेल आत उरले आहे. कृत्रिम तंतूंच्या फारच माखलेल्या ब्रशाला एखादे वेळी भांड्यांचे लिक्विड चालते. प्राण्यांच्या केसांना ते लावू नये. त्यांना उलट महिन्यातून एकदा कंडिशनरचा थेंब द्यावा आणि तो पूर्ण धुऊन काढावा.

किती दिवसांनी धुवावे, यावर अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला दर सात ते दहा दिवसांचा आहे, आणि तो स्वतःपुरता मेकअप करणाऱ्यांसाठी. स्पंज तर प्रत्येक वापरानंतर धुवावा आणि तीनेक महिन्यांत टाकून द्यावा. त्याच्या छिद्रांत खोलवर पाणी राहते आणि आतून काळे ठिपके धरतात. दुसऱ्यांचे चेहरे रंगवणाऱ्यांना दिवसांचा हिशेब लागूच नाही. त्यांचा हिशेब चेहऱ्यांचा : एक चेहरा, एक धुलाई.

वाळवण

ब्रश धुण्यापेक्षा वाळवताना जास्त बिघडतो. ओला ब्रश ग्लासात उभा ठेवला, की पाणी केसांतून खाली उतरते ते थेट नळीत. सवय इतकी सार्वत्रिक आहे की ब्रश विकणारी दुकानेसुद्धा तो उभ्या डब्यातच मांडून दाखवतात. पण तो डबा कोरड्या ब्रशचा. ओला ब्रश आधी सुती फडक्यात हलकेच टिपावा, बोटांनी आकार द्यावा आणि टेबलाच्या कडेवर आडवा ठेवावा, झुबका हवेत, कडेबाहेर. असे केल्याने हवा चारही बाजूंनी लागते आणि खालची बाजू चेपत नाही. दांड्याखाली फडक्याची घडी सरकवून टोक थोडे खाली कलते केले तर उत्तम. दोरीला चिमट्याने उलटा टांगलेला ब्रशही छान वाळतो.

मराठवाड्याचा उन्हाळा वाळवणाचाच. गच्चीवर कुरडया-पापड पडतात तिथे ब्रशही ठेवावेत असे वाटते, पण कडक ऊन केस ठिसूळ करते आणि तापलेल्या नळीतले चिकटद्रव्य सुटते. हेअर ड्रायरची गरम हवा तेच करते. सावली, वारा आणि वेळ, एवढेच पुरे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आयशॅडोचा बारीक ब्रश काही तासांत वाळतो. दाट काबुकी ब्रशाला रात्र द्यावी लागते. त्याच दिवसांत घरोघरी कुलर लागलेले असतात आणि ब्रश नेमके त्या वाऱ्यात ठेवले जातात. कुलरचा वारा गार असतो तसाच दमटही. त्यात ब्रश वाळत नाही, आंबतो. त्याला साध्या पंख्याचा वारा हवा.

श्रावण-भाद्रपदात हिशेब बदलतो. हवाच ओली, त्यामुळे बाहेरून कोरडा वाटणारा दाट ब्रश आतून दोन दिवसांनीही ओला असू शकतो. झुबका दोन्ही अंगठ्यांनी फाकवून बुडाशी बोट लावून पाहावे. गार लागले तर तो ओला आहे. असा ब्रश कातड्याच्या किंवा रेग्झिनच्या रोलमध्ये गुंडाळला की बुरशी ठरलेली. पावसाळ्यात ब्रशाचे दोन संच ठेवणे ही चैन नव्हे, गरज आहे.

दोन चेहऱ्यांच्या मध्ये

एक चेहरा, एक धुलाई हे खरे, पण करवली उठून मावशी खुर्चीत बसते, तेवढ्या वेळात धुणे-वाळवणे शक्य नाही. इथे आयसोप्रोपिल अल्कोहोल कामाचे, आणि तेही 70 टक्क्यांचे. जास्त तीव्र म्हणजे जास्त चांगले, हा समज चुकीचा आहे. 99 टक्क्यांचे अल्कोहोल झटकन उडून जाते. 70 टक्क्यांतले पाणी त्याला जिवाणूवर टिकून राहायला वेळ देते आणि त्याची प्रथिने मोडायला मदत करते. आधी टिश्यूवर पुसून ब्रशवरचा रंग काढावा, मग केसांवर फवारा मारून ते ओले करावेत, पुन्हा स्वच्छ टिश्यूवर फिरवावेत आणि पूर्ण उडेपर्यंत थांबावे. रंगाचा आणि तेलाचा थर तसाच ठेवून फवारा मारला, तर त्या थराखालचे जिवाणू सुखरूप राहतात. हाताला लावायचे जेल सॅनिटायझर मात्र वापरू नये. त्यातले घट्ट करणारे पदार्थ आणि ग्लिसरीन केसांवर चिकट थर ठेवतात. आणि हे सगळे कर्लिंग रॉडपासून लांब करावे; अल्कोहोल पेट घेते, आणि नवरीच्या खोलीत तापलेला रॉड त्याच पलंगावर पडलेला असतो.

काही ठिकाणी ब्रश स्वच्छ करण्यापेक्षा तो दुसऱ्या डबीत न घालणेच शहाणपणाचे. लिपस्टिक चपट्या पट्टीने खरवडून स्टीलच्या ताटलीत घ्यावी आणि तिथून ब्रशाला लावावी. मस्काऱ्याची कांडी एकदाच वापरून टाकायची घ्यावी. एकदा पापणीला लागलेली कांडी पुन्हा बाटलीत घालू नये, नाहीतर बाटलीच बाधित होते. कोरोनाच्या काळात हे सर्वांना एकाएकी पटले होते. 28 जून 2020 पासून राज्यात सलून व पार्लर उघडली तेव्हा केस कापणे, रंगवणे, थ्रेडिंग आणि वॅक्सिंगला परवानगी मिळाली. त्वचेशी संबंधित सेवांना नाही. एकदाच वापरायचे टॉवेल आणि निर्जंतुक केलेली हत्यारे तेव्हा सक्तीची झाली. भीती ओसरली तशी शिस्तही सैल पडली, हे खेदाने नोंदवावे लागते.

रंगपटातले ब्रश

नाटकातल्या मेकअपची धुलाई वेगळी, आणि हे शहर नाटकवाल्यांचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून आणि ‘जिगीषा’सारख्या संस्थेतून इथली माणसे मराठी रंगभूमीवर व पडद्यावर गेली. संत एकनाथ रंगमंदिर असो की संत तुकाराम नाट्यगृह, रंगपटात बल्बांच्या आरशासमोर मांडलेल्या सामानात तीन पदार्थ ब्रशचे वैरी असतात. ग्रीजपेंट त्यातले सर्वांत सोपे. ते खोबरेल तेलाने सुटते. दाढी-मिशा चिकटवायचा स्पिरिट गम म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेली राळ. ती पाण्याने जात नाही आणि शाम्पूनेही नाही. पुन्हा अल्कोहोलच लागते. तिचा ब्रश वेगळा, स्वस्त आणि खूण केलेला असावा. जखमा आणि सुरकुत्या करायचे लिक्विड लॅटेक्स सर्वांत वाईट : केसांवर वाळले की ते रबर होते आणि ब्रश फेकावा लागतो. म्हणून ब्रश लॅटेक्समध्ये बुडवण्याआधी तो ओल्या साबणावर फिरवून केसांवर साबणाचा थर चढवतात. काम झाल्याबरोबर धुतला, की लॅटेक्स साबणासकट सुटून येते. वडीच्या साबणाचा ब्रशाला एवढाच उपयोग.

रंगपटाची विद्या पुरुष रंगभूषाकारांकडून हातोहात पुढे गेली. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत तर संघटनेच्या नियमांमुळे स्त्रियांना मेकअप आर्टिस्ट म्हणून सभासदत्व मिळत नसे. त्यांनी केशभूषा करायची, चेहरा पुरुषांनी रंगवायचा. मेकअप आर्टिस्ट चारू खुराना यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 10 नोव्हेंबर 2014 रोजी ही बंदी रद्द केली. पार्लरमध्ये शिकलेल्या मुलींना ती वाट तेव्हा मोकळी झाली. रंगपटातल्या शिस्तीतली एक गोष्ट मात्र पार्लरच्या शिकवण्यांत यायला हवी आहे : प्रत्येक पदार्थाला त्याचा ब्रश, आणि प्रत्येक ब्रशला त्याचे विरघळवण. काही आठवड्यांच्या शिकवणीत कॉन्टूर आणि स्मोकी आय आवर्जून येतात. ब्रश धुण्याला एक पूर्ण दिवस मिळायला हवा. शिकाऊ मुलीच्या हाती चेहरा देण्याआधी तिच्या हाती मळका ब्रश द्यावा.

ठेवण आणि निरोप

वाळलेला ब्रश धुळीपासून झाकून ठेवावा. बंद डब्याला हवा खेळायला जागा हवी. पूर्ण हवाबंद प्लास्टिकची पिशवी दमटपणा कोंडते. प्राण्यांच्या केसांना कसर लागते, पैठणीला लागते तशीच, आणि तेलकट राहिलेल्या केसांना ती लवकर लागते. बरेच महिने न वापरायचा ब्रश म्हणूनच धुऊन, पूर्ण वाळवूनच आत टाकावा आणि अधूनमधून उघडून पाहावा. डांबराची गोळी त्याच्याजवळ ठेवू नये. चेहऱ्यावर फिरणाऱ्या वस्तूला तिचा वास आणि वाफ दोन्ही नकोत.

ब्रशवर मुदत छापलेली नसते. केस चेहऱ्यावर गळतात, धुऊनही वास जात नाही किंवा झुबका वाळल्यावर मूळ आकारात येत नाही. यातले एक जरी दिसले, तरी ब्रश संपला असे समजावे. हलणारी नळी चिकटवून घेता येते, बाकी काही दुरुस्त होत नाही. चांगल्या निगेतला साधा कृत्रिम ब्रशही काही वर्षे सहज जातो. महागडा ब्रश ओला गुंडाळला तर एका पावसाळ्यात जातो.

लग्नाच्या मेकअपचा ॲडव्हान्स देताना साडीची शेड, दागिने, अंबाडा, खोपा यांवर तासभर बोलणे होते. त्यात आणखी दोन प्रश्न घालावेत : ‘ताई, ब्रशचे संच किती आहेत? आणि माझ्यानंतर करवलीला कोणता ब्रश लावणार?’ कामाची माणसे या प्रश्नाने दुखावत नाहीत. पेटी उघडून दाखवतात. जिची पेटी उघडत नाही, तिला ॲडव्हान्स देऊ नये.